ठिपक्याच्या पुढचे टायमिंग

शेतावरच्या डिझेल इंजिनाचे टायमिंग कव्हर काढले की आत दोन गिअर दिसतात, एक क्रँकचा आणि एक कॅमशाफ्टचा. दोन्हींच्या दातांवर एकेक ठिपका कोरलेला असतो. ठिपक्यासमोर ठिपका आणा, टायमिंग लागले, असे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावचा मेस्त्री सांगेल, आणि त्या इंजिनापुरते त्याचे म्हणणे बरोबर असते. गिअर कापतानाच कारखान्याने कोन ठरवलेला आहे. इंजिन मिनिटाला दीडेक हजार फेऱ्यांनी दिवसभर पाणी उपसणार आहे. अंश-दोन अंशांचा फरक तिथे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

सुपरचार्जर बसवलेल्या ड्रॅग रेसिंगच्या इंजिनात या ठिपक्यापाशी काम नुसते सुरू होते, आणि हे पुस्तक त्याच्या पुढच्या कामाविषयी आहे. क्रँक मिनिटाला ८००० फेऱ्यांनी फिरत असेल तर एक अंश ओलांडायला त्याला सेकंदाचा ४८,०००वा भाग लागतो. २८० अंश उघडा राहणारा इनटेक व्हॉल्व्ह सहा मिलिसेकंदांच्या आत उघडतो, पूर्ण उचलला जातो आणि मिटतो. तेवढ्यात सिलिंडरमध्ये किती हवा कोंडली गेली, किती तशीच बाहेर निसटली आणि पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून वेळेवर बाजूला झाला की नाही, यावर सगळा खेळ असतो. गाडीची अख्खी धाव पाच-सहा सेकंदांची. धाव सुरू झाल्यावर टायमिंगला हात लावता येत नाही. ते आधी, इंजिन स्टँडवर असताना, क्रँक हाताने हळूहळू फिरवत ठरवावे लागते.

ऑकलंडच्या पश्चिमेकडच्या अवोन्डेलमध्ये बसून मी ही प्रस्तावना लिहितो आहे. पुस्तकाचा बराचसा भागही इथेच आकाराला आला. व्हाउ नदीच्या कडेने पाण्यात शिरलेल्या रोझबँकच्या भूशिरावर एके काळी भाजीपाल्याचे मळे होते. आज तिथे लेथ, मिलिंग, वेल्डिंग आणि पत्राकामाच्या शेड आहेत. त्याच भूशिरावर मोटरसायकलींचा रोझबँक स्पीडवे आहे आणि कार्टिंगचा ट्रॅकही आहे. इथून मोटरवेने दक्षिणेला निघाले की तासाभरात वायकाटो नदीकाठचे मेरेमेरे लागते. बंद पडलेल्या कोळशाच्या वीजकेंद्रामुळे ओळखले जाणारे हे छोटे गाव न्यूझीलंडच्या ड्रॅग रेसिंगचे एक मुख्य ठाणे आहे. तिथे पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर पळणाऱ्या गाड्यांची इंजिने मोठ्या कारखान्यांत तयार होत नाहीत. बहुतेक संघ घरचे असतात: वडील, मुलगी, मेहुणा, एखादा निवृत्त फिटर. अमेरिकेतून सुटे भाग येतात, पण ते एकमेकांशी जुळवून बसवण्याचे काम इथल्याच हातांना करावे लागते.

या देशाला त्याची सवय जुनी आहे. इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांनी १९२० सालची इंडियन स्काउट मोटरसायकल उभे आयुष्य सुधारत नेली. पिस्टन स्वतः ओतले, कॅम हाताने घासून त्यांचा आकार बदलला, आणि १९६७ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १००० सीसीखालच्या वर्गात ताशी १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. त्यांच्या इंजिनाला सुपरचार्जर नव्हता. तरी कॅमचा आकार आणि त्याची वेळ या दोन गोष्टींत इंजिनाचा स्वभाव असतो, हे त्यांनी कानस आणि धीर एवढ्याच भांडवलावर शोधले होते. पुस्तकाचे लेखक याच परंपरेत काम करतात. त्यांचे हात मात्र घडले ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात.

विषय नवा असलेल्या वाचकासाठी थोडे मागे जाऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेऱ्या, म्हणजे ७२० अंश फिरतो, तेव्हा कॅमशाफ्टची एक फेरी पुरी होते. कॅमवरचा लोब टॅपेट उचलतो, टॅपेट व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो हा त्याचा कालावधी, आणि किती उचलला जातो ही लिफ्ट. इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन लोबांच्या मध्यबिंदूंमधले अंतर कॅमच्या अंशांत मोजतात, त्याला लोब सेपरेशन म्हणतात. कालावधी, लिफ्ट आणि हे अंतर या तिन्ही गोष्टी कॅम घासतानाच पक्क्या होतात. नंतर इंजिन जुळवणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते: हा सगळा संच क्रँकच्या तुलनेत किती पुढे किंवा किती मागे बसवायचा. पुढे सरकवला तर चारही घटना, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हांचे उघडणे आणि मिटणे, लवकर होतात. मागे ओढला तर चारही उशिरा होतात. एकीला हात लावून दुसरीला तसेच ठेवता येत नाही, म्हणूनच हा निर्णय अवघड आहे.

आकड्यांत पाहू. उदाहरणादाखल एक कॅम घ्या: टॅपेट ०.०५० इंच उचलल्यापासून मोजलेला इनटेकचा कालावधी २८० अंश, एक्झॉस्टचा २९२, लोब सेपरेशन ११४. पिस्टन अगदी वर पोचतो त्या बिंदूला टीडीसी, म्हणजे टॉप डेड सेंटर, म्हणतात. इनटेकचा मध्य टीडीसीनंतर ११० अंशांवर बसवला, म्हणजे कॅम चार अंश पुढे आहे. आता इनटेक टीडीसीच्या ३० अंश आधी उघडेल आणि पिस्टन तळाला जाऊन वर वळल्यावर ७० अंशांनी मिटेल. एक्झॉस्ट तळाच्या ८४ अंश आधी उघडेल आणि टीडीसीनंतर २८ अंशांनी मिटेल. मध्यंतरी ५८ अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतील. हा ओव्हरलॅप. हेच लोब १०८ अंशांच्या सेपरेशनवर घासले असते तर ओव्हरलॅप ७० अंशांवर गेला असता.

सुपरचार्जरचा प्रश्न या ओव्हरलॅपपाशीच उभा राहतो. साध्या, म्हणजे वातावरणाच्याच दाबावर श्वास घेणाऱ्या रेसिंग इंजिनात ओव्हरलॅप उपयोगाचा असतो. एक्झॉस्ट पाइपांची लांबी नीट जुळवलेली असेल तर बाहेर धावणारा धूर मागे पोकळी सोडतो आणि ती पोकळी ताजे मिश्रण आत खेचते. सुपरचार्जर लावला की इनटेकच्या बाजूलाच दाब असतो, खेचायची गरज उरत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतील तर समोरासमोरची दारे उघडी टाकलेल्या घरातून वारा जावा तसे मिश्रण सिलिंडरमध्ये न थांबता सरळ एक्झॉस्टमध्ये निघून जाते. म्हणून सुपरचार्ज्ड इंजिनाच्या कॅमवर लोब सेपरेशन साधारणपणे ११२ ते ११६ अंशांपर्यंत रुंद ठेवतात. एक्झॉस्टचा कालावधी इनटेकपेक्षा जास्त ठेवतात, कारण दुप्पट-तिप्पट हवा आत घातली की तेवढा धूरही त्याच दाराने बाहेर काढावा लागतो. बूस्ट, म्हणजे इनटेकमधला जादा दाब, दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा हा खरे तर अडथळ्याचा आकडा आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवे. कॅम बदलल्यावर बूस्ट कमी दिसला म्हणजे इंजिनाला हवा कमी मिळाली असे होत नाही. ती कदाचित अधिक सहज आत गेली असेल, किंवा वाया गेली असेल. गेज हे सांगत नाही. इंजिन उघडल्यावर पिस्टन आणि स्पार्क प्लग सांगतात.

हा सुपरचार्जर मुळात मोटारींसाठी नव्हताच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० साली एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन रोटरांच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचा मोठा उपयोग झाला तो भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सने दोन स्ट्रोकची डिझेल इंजिने काढली. त्यांत धूर ढकलून बाहेर काढायला बाहेरून हवा लागे, म्हणून या इंजिनांवर रूट्स बंधूंच्या धर्तीचे यंत्र, म्हणजे रूट्स ब्लोअर, असे. प्रत्येक सिलिंडर ७१ घन इंचांचा, सहा सिलिंडरचे इंजिन ६-७१. दुसऱ्या महायुद्धात ही इंजिने ट्रकांत आणि बोटींत मोठ्या संख्येने गेली, आणि युद्धानंतर त्यांचे ब्लोअर भंगाराच्या भावात मिळू लागले. कॅलिफोर्नियातल्या बार्नी नवारो यांच्यासारख्यांनी ते फोर्डच्या व्ही-८ वर चढवले. आजही ड्रॅग रेसिंगमध्ये ब्लोअरचे माप ८-७१, १४-७१ असे त्या डिझेल इंजिनांच्याच पद्धतीने सांगतात.

१९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची (एनएचआरए) स्थापना केली. या खेळाला नियम आले, वर्ग आले. त्याच काळात कॅम घासणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. एड विनफिल्ड हे त्यांतले जुने. त्यांच्याकडे पाहून शिकलेले एड इस्केंडेरियन पुढे एवढे मोठे झाले की ‘इस्की’ हे नावच कॅमचे नाव झाले. क्ले स्मिथ, फ्लोरिडातले हार्वे क्रेन, आणखी कितीतरी. सुरुवातीला या सगळ्यांचे ज्ञान हातातले होते. कॅम घासायचा, धावायचे, पुन्हा घासायचा. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कॅमच्या आकाराचे गणित पद्धतशीर मांडले गेले. लवचीक पुशरॉड, स्प्रिंगचे कंपन आणि लोबची वक्ररेषा यांचा एकत्र विचार सुरू झाला. तेव्हापासून कॅम घासणारे दोन वाटांनी चालत आले आहेत: कालावधी आणि लिफ्ट वाढवत नेऊन प्रत्यक्ष ताकदीवर निर्णय सोडणारे, आणि आधी व्हॉल्व्हची हालचाल काबूत आणून मग कालावधीकडे वळणारे. माझा कल दुसऱ्यांकडे आहे. सुपरचार्ज्ड इंजिनात स्प्रिंग इतक्या जोरकस असतात की कॅमशाफ्ट स्वतःच किंचित पिळला जातो. समोर गिअरवर लावलेले टायमिंग मागच्या सिलिंडरपर्यंत जसेच्या तसे पोचत नाही.

इंधनानेही मतभेद वाढवले. पेट्रोलसाठी हवा-इंधनाचे रासायनिक प्रमाण १४.७ ला १ आहे. मिथेनॉलसाठी ते साडेसहाच्या आसपास, नायट्रोमिथेनसाठी १.७. म्हणजे मिथेनॉलवर इंधन दुपटीहून अधिक ओतावे लागते. मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषून घेते. रूट्स ब्लोअर हवा दाबताना तिला खूप तापवतो, मिथेनॉल ती थंड करते. म्हणून मिथेनॉल संघांत एक मत असे आहे की थोडा ओव्हरलॅप मुद्दाम ठेवावा. गार मिश्रणाचा झोत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचे डोके थंड करून जाईल, इंधन वाया गेले तरी इंजिन वाचेल. दुसरे मत असे की आत कोंडलेली हवा हीच ताकद, एक अंशही सोडू नये. पुस्तकात दोन्ही मते प्रामाणिकपणे मांडली आहेत. नायट्रोमिथेनवर चालणारी टॉप फ्युएल इंजिने मात्र वेगळ्याच जगातली आहेत. तिथे जळणे एक्झॉस्ट पाइपातही चालू राहते आणि २००८ पासून त्या गाड्या १००० फूटच पळतात. त्यांचे टायमिंग या पुस्तकाच्या कक्षेत जेवढ्यास तेवढेच आले आहे, आणि ते योग्यच आहे.

आता प्रत्यक्ष लावण्याकडे. इथे मला थोडे जास्त थांबायचे आहे, कारण पुस्तकाचा जीव इथेच आहे.

सगळ्यात आधी खरा टीडीसी शोधावा लागतो. पिस्टन अगदी वर पोचला की क्रँक काही अंश फिरला तरी तो जवळजवळ हलत नाही, त्यामुळे डोळ्याने किंवा बोटाने टीडीसी सापडत नाही. म्हणून पिस्टनच्या वाटेत एक पक्का अडथळा बसवतात. क्रँकवर अंशांची चकती, म्हणजे डिग्री व्हील, असते. क्रँक एका बाजूने फिरवून पिस्टन अडथळ्याला टेकला की आकडा वाचायचा, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवायचा. एकीकडे २४ आणि दुसरीकडे ३० आले तर शून्य तीन अंशांनी चुकलेले आहे. चकतीसमोरचा काटा तेवढा सरकवायचा आणि पुन्हा तपासायचे, दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येईपर्यंत. ही पायरी ज्याने घाईत उरकली त्याची पुढची सगळी मापे खोटी ठरतात.

मग डायल गेज टॅपेटवर. इथे दोन पद्धती आहेत आणि त्यांचा वाद पन्नासेक वर्षांचा आहे. पहिलीत लोबचे शिखर शोधतात. शिखराआधी आणि शिखरानंतर सारख्याच लिफ्टवर अंश वाचायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. ६८ आणि १४८ आले तर मध्य १०८ वर. ही पद्धत सोपी आहे, पण लोबच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या तरच खरी. आजकालचे लोब बहुधा तसे नसतात, मिटण्याची बाजू उघडण्याच्या बाजूपेक्षा सौम्य घासलेली असते. म्हणून दुसरी पद्धत: ०.०५० इंच लिफ्टवर व्हॉल्व्ह केव्हा उघडतो आणि केव्हा मिटतो ते थेट वाचायचे आणि कॅमबरोबर येणाऱ्या मापांच्या कार्डशी ताडायचे. कोणती पद्धत वापरली हे वहीत लिहून ठेवावे, असा लेखकाचा आग्रह आहे. एका संघाने शिखरावरून सांगितलेला ११० आणि दुसऱ्याने घटनांवरून काढलेला ११० हे एकच टायमिंग असेलच असे नाही. मेरेमेरेच्या पिटमध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांचा वाद पुष्कळदा नुसता एवढ्यावरून सुरू झालेला असतो.

ही मापे घेताना क्रँक नेहमी इंजिन चालते त्याच दिशेने फिरवायचा. आकडा ओलांडला तर बराच मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचे, नाहीतर गिअरच्या दातांतली किंवा पट्ट्यातली ढील मापात येते. दुरुस्ती करायची तर कॅमगिअरमधली ऑफसेट बुश बदलायची किंवा पुलीच्या खाचा सैल करून फिरवायची. कॅमवरचा एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन, हे नवशिक्याने कागदावर मोठ्या अक्षरात लिहावे. आणि टायमिंग हलवले की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर पुन्हा मोजायचेच. कॅम पुढे गेला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतो, मागे गेला की एक्झॉस्ट. पिस्टनवर मऊ माती ठेवून हेड बसवून इंजिन फिरवायचे आणि मातीची उरलेली जाडी मोजायची, हा जुना उपाय अजूनही सगळ्यांत भरवशाचा. इनटेकला निदान दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर, हा सर्वसाधारण दंडक. अॅल्युमिनियमच्या कनेक्टिंग रॉडला त्याहून जास्त, कारण त्या गरम झाल्यावर आणि ताणाखाली लांबतात.

उष्णतेचा विचार पुस्तकात मला विशेष आवडला. क्रँक आणि कॅम यांच्या केंद्रांमध्ये १३० मिलिमीटर अंतर असलेला अॅल्युमिनियमचा ब्लॉक ८० अंश सेल्सियसने तापला तर ते अंतर जवळजवळ पाव मिलिमीटरने वाढते. गिअर, साखळी, पट्टा प्रत्येकाला हा ताण वेगळ्या रीतीने लागतो. थंड इंजिनावर लावलेले टायमिंग गरम इंजिनावर तेच राहत नाही. इंग्रजी पुस्तकांत हा मुद्दा एका वाक्यात उरकलेला मी पाहिला आहे. इथे त्यावर संपूर्ण प्रकरण आहे, थंड आणि गरम वाचनांच्या तक्त्यांसह.

हे सगळे मराठीत का? महाराष्ट्रात या विषयाचे हात आहेत म्हणून. सोलापुरात १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. पुण्याच्या मुंढव्यातली भारत फोर्ज क्रँकशाफ्ट घडवते. कोथरूडजवळच्या टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) इंजिने तपासते. खडकीत किर्लोस्करांची तेल-इंजिने बनू लागली ती १९४६ च्या सुमारास. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या फाउंड्रींत ओतकाम होते. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ड्रॅग शर्यतीही झाल्या आहेत. कॅम घासणारा, ओतणारा, मोजणारा मराठी माणूस आहे. पण तो जे जाणतो ते मराठीत लिहिलेले जवळजवळ सापडत नाही. शिकाऊ पोरगा उस्तादाजवळ उभा राहून शिकतो, उस्ताद निवृत्त झाला की थोडे त्याच्याबरोबर जाते. इथल्या रोझबँकच्या शेडमध्येही मी हेच पाहतो.

काळही निघून चालला आहे. साध्या मोटारींत कॅमचे टायमिंग आता संगणक चालत्या इंजिनात पुढे-मागे करतो. वीजगाड्यांत कॅम नाहीच, आणि पाव मैल त्या झपाट्याने कापतात. तरीही सुपरचार्ज्ड ड्रॅग इंजिनात आजही बहुतेक ठिकाणी एकच स्थिर कॅम, हाताने लावलेला, असतो. इंजिन श्वास कसे घेते हे समजून घ्यायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही, कारण प्रत्येक निर्णयाचे फळ काही सेकंदांत समोर येते आणि इंजिन उघडले की कारणही दिसते. संगणकावर टायमिंग हलवणाऱ्या तरुण अभियंत्यालाही हे हातातले ज्ञान उपयोगी पडेल, याची मला खात्री आहे.

पुस्तकात ‘हा कॅम, हा कोन, ही वेळ’ अशी तयार कृती मिळणार नाही. लेखकाने ती जाणीवपूर्वक टाळली आहे. एका इंजिनावरचा आकडा दुसऱ्यावर लावून किती इंजिने फुटली हे त्यांनी पाहिले आहे. त्यांनी दिली आहे ती मोजण्याची रीत, मोजलेले समजून घेण्याची रीत आणि हलवायचे कधी व थांबायचे कधी याचा विचार. सुरक्षेचे वेगळे प्रकरण नाही, ती प्रत्येक पायरीत गुंफली आहे: मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, ब्लोअरला बांधणारे पट्टे जीर्ण झाले की बदलायचेच, इंजिन हाताने फिरवताना स्पार्कच्या तारा काढलेल्या असाव्यात.

मापे इंच आणि मिलिमीटर दोन्हींत आहेत. कॅमची कार्डे अजून इंचांतच येतात, म्हणून इंचाचे हजारांश ठेवणे भाग होते. शेवटची पाने कोरी आहेत. त्यांत रकाने आखले आहेत: तारीख, तापमान, कोणती पद्धत, चार घटना, दोन्ही अंतरे, सही. पुस्तक वाचायला घेताना शेजारी डिग्री व्हील, डायल गेज आणि शिसपेन्सिल असावी. आणि शक्य असेल तर एखादे जुने इंजिनही, मग ते शेतावरचे का असेना.

अवोन्डेल, ऑकलंड